नाकाचा माणूस

नंदुरबारच्या बाजारात मला नाकाचा माणूस म्हणायचे.
मूठभर मिरची नाकाशी धरायची, डोळे मिटायचे
आणि सांगायचं : ही रात्रभर दवात राहिलीय,
हिच्या पोत्यात तळाला बुरशी धरतेय,
ही काळ्या रानातली, पण हिला पाणी उशिरा मिळालं.
काटा लावायच्या आधी चंपकशेठ माझ्याकडे बघायचे.
एकतीस वर्षं याच नाकावर घर चाललं.

मग दोन्ही किडन्या गेल्या.
तीन वर्षं यंत्राला जोडून घेतलं.
तेव्हा सगळ्यालाच गंजल्या पत्र्याचा वास,
भाकरीला, उशीला,
बायकोनं कपाळावर ठेवलेल्या हातालासुद्धा.

सुरतेला आक्काची एक माझ्यात बसवली.
अकराव्या दिवशी पत्रा गेला. एकदम.
शेजारचा प्रवासी न सांगता नवापूरला उतरून जावा, तसा.
पण त्याच्या जागेवर येऊन बसलं
ते माझ्या ओळखीचं नव्हतं.

चहाला ओल्या गोणपाटाचा वास.
कोथिंबिरीला घासलेट.
साबण नाकाशी नेला तर करपलेले हरभरे.
डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे असेल,
नसेलही. लिहून ठेवत जा.
वहीत लिहिलं : सकाळी नऊ, गोळ्या. सव्वानऊ, गोणपाट.

आणि मिरची?
दुकानातल्या इद्रिसनं कागदात बांधून चार आणल्या,
लांबूनच उंबऱ्यावर ठेवल्या.
मला धूळ चालत नाही, गर्दी चालत नाही.
मास्क खाली केला.
शिंक आली. डोळ्यांत पाणी आलं.
वास आला नाही.
दार वाजलं, उघडलं, तर बाहेर कुणी नाही.

लोक म्हणाले, बहिणीचं नाक आलं असेल तुझ्यात.
हसण्यावारीच म्हणाले.
मी मात्र ते रात्री उशाशी घेऊन झोपलो.
गोणपाट, घासलेट, करपले हरभरे :
प्रकाशाला, तापीकाठी, तिच्या स्वयंपाकघरात
असंच काहीतरी कोंडलेलं असेल
आणि आता थेंबथेंब माझ्यात उतरत असेल.
फोन लावला.
आक्का, तुना घरमा कसाकसाना वास येस?

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाली,
"बापू, माले ते वास येसच नही.
कधीच वना नही."

कौतिक आक्का. एकसष्ट वर्षांची.
बापाचं अंथरूण सात महिने तिनं धुतलं
आणि आम्ही गावभर सांगितलं,
कध्धी नाक मुरडत नाही, देवमाणूस आहे.
वरण लागलं की आईनं तिलाच मारलं,
लक्ष कुठं असतं म्हणून.
आणि मी, त्याच घरातला,
मुठीतल्या मिरचीला विचारत होतो
तुला काय काय झालं ते.

सांगं का नही मग?
"सांगीसन काय व्हनार व्हतं?
तुम्ही सर्वा म्हनेत, कसा मस्त वास येस.
मी बी म्हनू, हा, मस्त येस."

आणि फोडणी?
"कानवर.
मोहरी थांबनी का मिरची टाकानी.
तेल बोलस, बापू. तू ऐकं नही कधी."

पौषात इद्रिसच्या मागे बसून पथारीपर्यंत गेलो.
कुंपणाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, दोन मास्क लावून.
नजर जाईल तिथवर जमीन लाल.
बाया देठ खुडत होत्या, पदर नाकाला बांधलेले,
आणि एक लहान पोर पोत्यावर गाढ झोपलेलं.
इद्रिसनं एक मिरची आणून दिली.
हात सवयीनं नाकाकडे गेला.
थांबवला. कानाशी नेली. हलवली.

आत बिया.
एकमेकींना चिकटून बसलेल्या,
मिठाच्या बरणीत मीठ धरतं तशा.
अजून तीन ऊन्हं, मी म्हणालो.
इद्रिस म्हणाला, नक्की, बापू?

नक्की नव्हतं.
दुसरी आण, म्हटलं.